मामाचं त्रेस आणि मामीची पट्टी

माझा मामा त्रेस वाईट वाजवायचा, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेला की त्याचे गुण आपोआप वाढायला लागतात. परवाच एका नातेवाइकांनी माझ्यासमोर मामाला ‘कलावंत’ म्हटलं आणि मला हसू आवरेना. मामा लिफ्टचा मिस्त्री होता. त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्रेस वाजवताना मात्र कुणीतरी धरावा असं वाटायचं.

तरीही हे लिहायचं कारण त्रेसच आहे. आता मामाही नाही आणि मामीही नाही, त्यामुळे दोघांपैकी कुणाचं गुपित फुटायची भीती उरलेली नाही. इतकी वर्षं मी ते पोटात ठेवलं हेच पुष्कळ झालं. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात.

मामाकडे अकरा इमारतींच्या लिफ्ट होत्या. त्यातल्याच एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तो आणि मामी राहायचे. नर्सिंगचं शिक्षण घ्यायला मी त्यांच्याकडे गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तीन वर्षांसाठी म्हणून गेले आणि सहा वर्षं राहिले. मला दिलेल्या मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मामाच्या सुट्या भागांचे डबे आणि माझी खाट एवढंच मावायचं. सगळ्या खोलीला ग्रीसचा वास होता. पहिल्या आठवड्यात मी नाक मुरडलं. नंतर सुट्टीत आईकडे गेले की त्या वासाशिवाय मला झोप यायची नाही.

कामाच्या बाबतीत मामा नाकावर माशी बसू द्यायचा नाही. लिफ्ट थांबली की केबिनची जमीन आणि बाहेरची जमीन एका रेषेत आली पाहिजे, हा त्याचा हट्ट. दुरुस्ती झाली की तो डोळे मिटून केबिनमधून बाहेर पाऊल टाकायचा. तळव्याला कड लागली नाही तर काम पास. कंपनीचे साहेब म्हणायचे, एवढ्या-तेवढ्याने काय होतंय? मामा म्हणायचा, "साहेब, म्हातारं माणूस एवढ्या-तेवढ्यानेच पडतं."

मामी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिने लोकांचे नंबर जोडून दिले. तिचा आवाज शहरात घरोघरी माहीत होता, चेहरा मात्र कुणी ओळखायचं नाही. भाजी घ्यायला गेली की भाजीवाला मान वर न करता म्हणायचा, "काय देऊ ताई? आज ड्युटी नाही वाटतं?"

त्यांचं लग्न जमलं तेही आवाजावरच. मामा नवा होता तेव्हा एकदा स्वतःच दुरुस्त करत असलेल्या लिफ्टमध्ये अडकला, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे. हत्यारांची पिशवी बाहेर, मिस्त्री आत. तेव्हा लिफ्टमधला फोन थेट एक्स्चेंजला लागायचा. पलीकडून मामीने विचारलं, "मिस्त्रींना बोलावू का?" मामा म्हणाला, "मीच मिस्त्री आहे." यावर मामी इतकी हसली की सुपरवायझर बाई उठून आल्या. दुसरा मिस्त्री येईपर्यंत दोन तास लागले आणि ते दोन तास मामी अधूनमधून त्याच्याशी बोलत राहिली. मामा सांगायचा की सुटका झाली तेव्हा त्याला वाईट वाटलं. मामी सांगायची की वाईट-बिईट काही नाही, त्याला भूक लागली होती. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची आणि घरात अरे. रागावली की घरातही अहो.

आता त्रेसबद्दल. आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर एक म्हातारे राहायचे. जन्मभर जहाजावर आचारी होते, म्हणून सगळे त्यांना जहाजी म्हणायचे. क्यूबाच्या कुठल्याशा बंदरात त्यांनी हे वाद्य घेतलं आणि तिथेच थोडंफार शिकूनही घेतलं. दिसायला गिटारीची धाकटी बहीण. तारा सहा, पण दोन-दोनच्या तीन जोड्या. प्रत्येक जोडी एकाच बोटाने दाबायची. जहाजींचे हात कापायला लागले तेव्हा त्यांनी ते मामाला देऊ केलं. मामाने एकच प्रश्न विचारला, "तीनच ना? मग जमेल." दोर ओढून-ओढून बोटांना घट्टे पडलेलेच होते, त्यामुळे तारा बोचत नव्हत्या. त्याच्याकडे वादक म्हणून तेवढं एक भांडवल होतं.

मामा, मामी आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला अशा तिघांचा जथा तयार झाला. बेकरीवाला बोंगो वाजवायचा. कणीक मळणारे हात, त्यामुळे ठेका पक्का. जहाजी पहिल्या रांगेत बसून नावं ठेवायचे. कुणाचा वाढदिवस, कुणाचा निरोपसमारंभ, असे कार्यक्रम. वर्षातला मोठा कार्यक्रम म्हणजे एक्स्चेंजच्या ऑपरेटर बायकांचं संमेलन. एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, बायका निवृत्त झाल्या, तरी दरवर्षी एका रविवारी दुपारी सगळ्या एका हॉलमध्ये जमायच्या. त्याचा शेवट मामीच्या गाण्याने व्हायचा.

ते गाणं मामीने स्वतः केलेलं. चाल जहाजींनी कुठूनतरी आणलेली, शब्द तिचे. ‘नंबर सांगा’ अशी सुरुवात. मग कोणाकोणाचे नंबर, कोणाला काय निरोप, आणि तिसऱ्या ओळीत ‘थांबा, जोडून देते’ म्हणत आवाज वर चढायचा आणि वरच राहायचा. त्या जागी शंभर-सव्वाशे बायका आपापल्या रिकाम्या कानांवर हात ठेवायच्या, जणू हेडफोन सावरताहेत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं. मामीला वाटलं माझं पोट दुखतंय.

मामी गायची पांढरी एकमध्ये. पेटीवरच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून. त्रेसच्या मोकळ्या तारा छेडल्या तर नेमका तोच स्वरमेळ निघतो, एकही बोट न लावता. मामाच्या दृष्टीने याहून सोयीची बायको मिळणं शक्य नव्हतं.

मग मामीच्या गळ्यात गाठ निघाली. साधीच होती, पण काढावी लागली. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते, टाके मीच पुसायचे. बोलण्याचा आवाज महिन्याभरात परत आला. गाण्याचा आला, पण वरचे सूर येईनात. "वरचा मजला बंद झाला माझा," मामी म्हणाली. मामा म्हणाला, "असं बाहेर कुठे बोलू नकोस, लोक भलतंच समजतील." दोघं हसली.

त्या वर्षीच्या संमेलनात ती हट्टाने गायली. तिसऱ्या ओळीला आवाज वर गेला आणि फाटला. मामी थांबली. मग आपल्या ऑपरेटरच्या आवाजात म्हणाली, "क्षमा करा, लाइन तुटली." सगळ्या हसल्या, टाळ्या वाजल्या, प्रसंग निभावला. घरी आल्यावर तिने कपडे बदलले, भांडी घासली, दुसऱ्या दिवसाचे दाणे भिजत घातले. त्यानंतर ती गायली नाही. गायली नाही म्हणजे गुणगुणलीसुद्धा नाही. त्या घरात सकाळी चहाच्या आधी मामीचं गुणगुणणं ऐकू यायचं. आता नुसता चहा यायचा. मामा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा आणि थोडा वेळ वाट बघून कामाला निघायचा. मी ते बघायचे आणि मला फार वाईट वाटायचं.

मी एकदा सरळ म्हटलं, "मामी, पट्टी उतरव ना. चार पायऱ्या खाली गायलीस तर आरामात जाईल."

"उतरवून गायचं तर दुसरी कुणीही गाईल," मामी म्हणाली. "माझं गाणं पांढरी एकमध्ये आहे. पुढच्या वर्षी दुसरी बाई बघा म्हणावं."

पुढच्या वर्षी कुणी दुसरी बाई बघितली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. संमेलन भाषणावर संपायला लागलं.

मामाने आधी एक भाबडा उपाय करून पाहिला. मामी बाजारात गेली असताना त्रेसच्या सगळ्या तारा चार-चार पायऱ्या सैल केल्या. म्हणजे बोटं तीच, हात तोच, पट्टी मात्र खाली. मामी दारातून आत येते तोच याने सहज वाजवायला बसल्याचा आव आणला. तारांचा आवाज ओल्या दोरीसारखा येत होता. मामीने पिशवी खाली ठेवायच्या आतच विचारलं, "तारा का सैल केल्यास रे?" मामा म्हणाला, "हवेने झाल्या असतील." त्या आठवड्यात हवा अगदी कोरडी होती.

तो जहाजींकडे गेला. मीही बरोबर होते, त्यांचं ब्लडप्रेशर बघायला. मामाने सगळी कर्मकहाणी सांगितली. जहाजींनी हाताला बांधलेला पट्टा स्वतःच सोडून ठेवला.

"सुरुवात खालून केलीस तर तिला कळणारच," ते म्हणाले. "तिच्याच पट्टीत सुरू कर. मग वाटेत अशी जागा घे की कान घर विसरेल. आणि मग हळूच खाली उतर."

"अशी जागा असते?"

"असते. ऑगमेंटेड आर्पेजिओ."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. हे काही आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

जहाजींनी कापऱ्या बोटांनी दाखवलं. नेहमीच्या स्वरमेळातला एक सूर एक पायरी वर ताणायचा. मग तिन्ही सूर एकमेकांपासून सारख्या अंतरावर येतात. ते एकदम न छेडता एकामागून एक वाजवायचे, वर जायचं, खाली यायचं. त्यात कुणी थोरला नाही, कुणी धाकटा नाही, त्यामुळे सा कोणता ते कानाला ठरवता येत नाही. ऐकताना जिन्यात उभं असल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे हात जसाच्या तसा चार पडदे वर सरकवला तर पुन्हा तेच तीन सूर. आणखी चार सरकवला, पुन्हा तेच.

"म्हणजे चौथ्या मजल्यावर दार उघडा, आठव्यावर उघडा, बाहेर तोच कॉरिडॉर," मामा म्हणाला.

"तसंच समज. आता बाहेर पडायचं कसं ते बघ. तीन जोड्यांवर तीन बोटं आहेत. एकच बोट एक पायरी मागे घ्यायचं. कोणतं घेतलंस त्यावर तू कुठल्या घरात जाणार ते ठरतं." त्यांनी मामाचा हात मधल्या ठिकाणी, चार-पाच पडद्यांवर ठेवला. "बारीक जोडी मागे घेतलीस तर पांढरी एक, जिथून निघालास तिथेच परत. जाडी मागे घेतलीस तर पांढरी तीन, म्हणजे चार पायऱ्या वर. तिथे गेलास तर तुझी बायको तुला सोडून जाईल. आणि मधली मागे घेतलीस तर काळी चार. चार पायऱ्या खाली."

"मधली," मामा म्हणाला.

"मधली."

घरी येईपर्यंत तीन मजल्यांत तो ‘मधली, मधली’ असं पुटपुटत होता.

शिकायला त्याला चौदा महिने लागले. कुणा बऱ्या वादकाला चौदा दिवस लागले असते. घरी वाजवायची सोय नव्हती, मामीला ताकास तूर लागू द्यायची नव्हती. म्हणून त्याने त्रेस गच्चीवरच्या मशीनरूममध्ये नेऊन ठेवलं. पत्र्याच्या दाराची ती छोटी खोली. मधोमध मोटर, तिच्या चाकावरून खाली गेलेले लोखंडी दोर, भिंतीवर स्विचांचा गंजका डबा, आणि कोपऱ्यात उलटी ठेवलेली बादली. दुपारच्या सुट्टीत तो त्या बादलीवर बसून एका हाताने पाव खायचा आणि मग वाजवायचा. कुणी खाली बटण दाबलं की मोटर घुर्रकन चालू व्हायची, याचा हात हुकायचा, आणि हा पहिल्यापासून सुरू करायचा. मी एक-दोनदा डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. बादलीवर बसलेला पन्नाशीतला माणूस, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, डोळे पडद्यांवर. बोटं चढताहेत, उतरताहेत, चार पडदे सरकताहेत. आणि मग बाहेर पडायच्या जागी थबकणं. मग एक बोट मागे. निम्म्या वेळा चुकीचं.

"मामा, मधली," मी म्हणायचे.

"माहीत आहे गं," तो ओरडायचा. "बोटाला माहीत नाही."

आता यातली गोम अशी की मशीनरूममध्ये दोर खाली जायला जमिनीत भोकं असतात, आणि त्या भोकांखाली सगळ्या इमारतीची उंची पोकळ असते. तिथे शिंकलं तरी तळमजल्यावर ऐकू येतं. हे जगात कुणाला माहीत असायला हवं तर लिफ्टच्या मिस्त्रीला. पण मामा वाजवायला बसला की लिफ्टचं सगळं विसरायचा. दुपारी एक ते दोन, सातही मजल्यांवर, मामाचा ऑगमेंटेड आर्पेजिओ दारं बंद असली तरी घरात यायचा. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिका म्हणायच्या की त्यांना आता तो ऐकला की भूक लागते. आणि त्याला कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना वाटायचं की मिस्त्रींचा काहीतरी विरंगुळा आहे.

एके दिवशी माझी सकाळची ड्युटी संपवून मी परत आले आणि खाली मामी भेटली. दोघी लिफ्टमध्ये शिरलो. जाळी ओढली आणि वरून ते सुरू झालं. एकेक सूर, चढत, उतरत. मी मामीशी काहीतरी मोठ्याने बोलायला लागले, हॉस्पिटलमधल्या कुणाबद्दल तरी. मामीने हात वर करून मला गप्प केलं. तिसरा मजला आला. तिने जाळी उघडली नाही. आम्ही दोघी केबिनमध्ये उभ्या राहिलो. वरती ते तीन सूर दोनदा फिरले, थबकले, आणि एकदम वरच्या घरात जाऊन आदळले.

"चुकला," मामी म्हणाली. "जाडी मागे घेतली. खाली यायला मधली घ्यायला हवी. जहाजी सांगत नाहीत का त्याला?"

"मामी, तुला कधीपासून..."

"चौथा महिना चालू आहे," ती म्हणाली. "एकतीस वर्षं कान विकून पोट भरलंय मी. माझ्या डोक्यावर बसून माझ्यासाठी खड्डा खणतोय आणि मला ऐकू येणार नाही?"

"मग सांग ना त्याला."

"कशाला? शिकतोय, शिकू दे. हात चालता राहतो." तिने जाळी उघडली, बाहेर पाऊल टाकलं आणि मागे वळून म्हणाली, "पण मी काही उतरणार नाही. तो कितीही छान उतरू दे. आणि त्याला यातलं एक अक्षर सांगितलंस तर माझ्याशी गाठ आहे."

म्हणून मी दोघांच्या मधे अडकले. वरती मामा मला विचारायचा, "तिला संशय नाही ना आला?" खाली मामी विचारायची, "आज मधली लागली का गं?" मी दोन्हीकडे मान हलवायचे. मामावर मला दया यायची आणि मामीचा राग यायचा. एवढा अभिमान काय कामाचा, असं वाटायचं. आज माझे स्वतःचे गुडघे जिना चढत नाहीत आणि मी ते कुणाला सांगत नाही, तेव्हा मामी थोडी कळते.

त्या फजितीनंतरचं तिसरं संमेलन आलं. मामाने जेवताना, ताटाकडे बघत, विषय काढला. "मी आणि बेकरीवाला नुसती चाल वाजवणार आहोत. गाणं नाही. तू फक्त शेजारी बस. तुझी खुर्ची रिकामी बरी दिसत नाही."

मामीने त्याला आणखी एक पोळी वाढली. मग म्हणाली, "बसेन."

हॉल तोच. लाकडी व्यासपीठ, घडीच्या खुर्च्या, मागच्या टेबलावर कप. बायका मात्र थोड्या कमी झालेल्या. मामी स्टेजवरच्या खुर्चीत बसली आणि तिने पर्स मांडीवर ठेवून दोन्ही हात तिच्यावर ठेवले. पर्स मांडीवर म्हणजे गाणार नाही, हे मला पहिल्या रांगेतून कळलं. माझ्या शेजारी जहाजी, त्यांच्या शेजारी एक निवृत्त सुपरवायझर बाई.

मामाने चष्मा काढून ठेवला होता. स्टेजवर तो चष्मा लावायचा नाही, तेवढी एक ऐट होती. त्याने मोकळ्या तारा छेडल्या. पांढरी एक. सगळ्या हॉलला ती सुरुवात पाठ होती, कुठेतरी कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. बेकरीवाल्याने ठेका धरला. चार वेळा नेहमीची चाल झाली आणि मग मामाने एक सूर ताणला आणि जिना चढायला लागला.

खरं सांगते, इतकं चांगलं त्याने आधीही कधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही नाही. एकेक सूर सुटा, स्वच्छ. चार पडदे वर, तेच तीन सूर. पुन्हा खाली मधल्या ठिकाणी. आता इथून बाहेर पडायचं.

तो बाहेर पडला नाही. तो पुन्हा चढला. पुन्हा मधल्या ठिकाणी आला, बोटं थबकली, आणि पुन्हा चढला. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की तो विसरला होता. जाडी, मधली की बारीक. चौदा महिन्यांचं सगळं त्या एका क्षणी डोक्यातून पुसलं गेलं होतं. चुकीचं बोट मागे घेतलं तर एकतर बायकोची तीन वर्षांपूर्वीची फजिती तिच्यासमोर पुन्हा मांडायची, नाहीतर त्याहून वर जाऊन तिला कायमचं गप्प करायचं. म्हणून तो कुठलंच बोट मागे घेईना. नुसता फिरत राहिला. त्या तीन सुरांचं हेच आहे, बाहेर पडला नाहीत तर ते संपत नाहीत. तिसरी फेरी. चौथी. कपाळावरून घाम ओघळून हनुवटीवर आला.

जहाजी उठून अर्धे उभे राहिले आणि मधली जोडी दाखवण्यासाठी हाताची बाकीची बोटं मिटून मधलंच बोट उंच धरून हलवायला लागले. शेजारच्या सुपरवायझर बाईंनी खुर्ची दूर सरकवली. मामाला चष्म्याशिवाय ते बोट दिसणं शक्य नव्हतं. मागे कुजबुज सुरू झाली. बेकरीवाला ठेका धरून मामाकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत आता भीती होती.

मामी मामाकडे बघत होती. त्याच्या बोटांकडे नाही, चेहऱ्याकडे. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण तसं तोंड तिचं मी कधी पाहिलं नव्हतं. तिने पर्स उचलली. मला वाटलं, उठली, चालली. तिने पर्स खुर्चीखाली ठेवली.

"नंबर सांगा," मामी गायली.

काळी चारमध्ये. खालच्या. मामाने अजून कुठलंच घर दाखवलेलं नव्हतं, तिला आधाराला काही नव्हतं. त्या फिरत्या तीन सुरांतून तिने आपणहून एक निवडला, सगळ्यांत खालचा, आणि त्याच्यावर उभी राहिली. मामाचं बोट तिच्या मागोमाग गेलं. मधली जोडी, एक पायरी मागे. हॉलमध्ये सगळं एकदम जागेवर बसलं.

आवाज जाड झाला होता. पूर्वीची चकाकी नव्हती. पण तिसरी ओळ आली, ‘थांबा, जोडून देते’, आवाज चढला, चढला, आणि वर जाऊन राहिला. बायकांचे हात कानांवर गेले. जहाजी खाली बसले आणि खिशात रुमाल शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता. मी रडले, आणि या वेळी माझं पोट दुखतंय असं वाटायला मामी मोकळी नव्हती.

कार्यक्रमानंतर मामाने मला टेबलाआड गाठलं. "पाहिलंस?" तो कुजबुजला. डोळे लहान मुलासारखे झाले होते. "मी जरा लांबवलं. मुद्दाम. तिचा कान पूर्ण विसरेपर्यंत. आणि आली की नाही बरोबर खाली? तिला कळलंसुद्धा नाही!"

"नाही कळलं," मी म्हणाले.

घर जवळच होतं, आम्ही चालत निघालो. उन्हं कलली होती, दुकानांची फळकुटं अजून लागायची होती. मामाच्या खांद्याला त्रेस. तो उगाच शीळ घालत होता, त्याच गाण्याची. मामी मधे, मी दुसऱ्या बाजूला.

"अरे," मामी म्हणाली, "आज पट्टी जरा उतरली होती का रे?"

शीळ थांबली.

"छे गं," मामा म्हणाला. "तीच की. पांढरी एक."

"मग पोचतोय म्हणायचा माझा आवाज अजून," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या खांद्यावरचं त्रेस काढून आपल्या खांद्याला लावलं.